कांद्याची पोळी आणि तिची दोन नावं

डिसेंबरात धाकटा भाऊ बायकोला घेऊन बेळगावला आला. लग्नानंतर ती प्रथमच सासरी येत होती. ती मूळची अल्सासची. फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाईन नदीच्या काठचा हा प्रांत. नदी ओलांडली की जर्मनी. दोन दिवस आईने तिला कुंदा, मांडे, पुरणपोळी असं आग्रह करकरून खाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "वन्सं, उद्या मी करते." 'वन्सं' हा शब्द आम्हीच तिला शिकवला होता. बाकी बोलणं इंग्रजीत.

तिला करायची होती तिच्या आजीची कांदा-बेकनची तार्त. बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि आमची आई माळकरी! तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. भाऊ म्हणाला, "अक्का, तूच काहीतरी बघ की." मी भीतभीत विषय काढला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सून पहिल्यांदा आलीय. तिला नको कसं म्हणू? पण माझ्या ओट्यावर नको. मागच्या सोप्यात करा की. आणि माझ्यासाठी एक बिनमांसाची." चातुर्मास संपला होता, त्यामुळे कांद्याची अडचण नव्हती.

ओव्हन मागच्या सोप्यात गेला. भावाने कॅम्पातून बेकन आणलं.

कृती ऐकून मला नवल वाटलं. यात अंडं नाही, यीस्ट नाही. पाव किलो मैदा, तीन मोठे चमचे तेल, चिमूटभर मीठ आणि साधारण १२५ मिलिलिटर पाणी. मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. वर लावायला तिकडे दह्यासारखं मऊ ताजं चीज आणि आंबूस साय घेतात. आपल्याकडे ते कुठून आणायचं? मी आदल्या रात्री दही टांगून ठेवलं होतं. दोनशे ग्रॅम चक्का, शंभर ग्रॅम साय, मिरपूड आणि किंचित जायफळ. भावजयीने चाखून मान डोलावली. मीठ मात्र तिने घालू दिलं नाही, कारण बेकन आधीच खारट असतं. आईच्या वाटणीचं मिश्रण वेगळं काढून त्यात तेवढं मीठ घातलं. दोन कांदे, कागदासारखे पातळ चिरलेले आणि कच्चेच. दीडशे ग्रॅम बेकनचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे.

मी लाटायला बसले. आई लांबून बघत होती. तिला राहवेना. "किती जाड लाटतेस गं? आण इकडे." नुसता मैदाच तो, त्याला हात लावायला तिची हरकत नव्हती. तिने लाटलेली पारी इतकी पातळ झाली, की खालच्या पोळपाटाच्या रेघा दिसायला लागल्या. भावजयीने टाळ्या वाजवल्या. तीन पाऱ्या झाल्यावर आई म्हणाली, "आता पुढचं तुमचं तुम्ही बघा," आणि खुर्ची घेऊन दारात बसली.

भांडी कोरी असताना पहिली तार्त आईची लावली. ती फसली! कांदा कच्चा, तळ पांढरा आणि लिबलिबीत. आम्ही ओव्हन पुरता तापू दिला नव्हता आणि ट्रेही थंडच आत घातला होता. मी ओशाळले. आई म्हणाली, "पहिला घावन कधी नीट निघतो का?" भावाने हे फ्रेंचमध्ये सांगितलं, तशी भावजय खळखळून हसली. स्ट्रासबर्गजवळच्या कोखर्सबर्ग भागातले शेतकरी पावाची लाकडाची भट्टी पेटवली, की ती किती तापली हे बघायला आधी हीच पातळ तार्त आत सरकवत. एक-दोन मिनिटांत कडा करपल्या, की भट्टी तापली म्हणायची. गावातला हा पदार्थ हॉटेलांत पोचला तो १९६० च्या दशकात, तेव्हा पिझ्झाचीही चलती होती.

दुसऱ्या खेपेला रिकामा ट्रे उलटा ठेवून ओव्हन २५० अंशांवर पंचवीस मिनिटं तापवला. तार्त कागदासकट त्यावर सरकवली. दहा-बारा मिनिटांत कडा काळपट आणि तळ कुरकुरीत. ही आईची. मग आमच्या बेकनच्या, त्यातलं तूप सुटून कांद्यात मुरलेल्या. लाकडी पाटावर चौकोन कापून, गुंडाळून हातानेच खायच्या. आई घास घेऊन म्हणाली, "कांद्याची पोळीच की ही!"

"याला म्हणतात काय?" माझ्या मुलीने विचारलं. फ्रेंचमध्ये 'तार्त फ्लांबे', भावजय म्हणाली, आणि अल्साशियन बोलीत 'फ्लामेक्यूशे'. अर्थ एकच, ज्वाळेत भाजलेली.

मुलीने लगेच कान टवकारले. तिच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात 'द लास्ट लेसन' हा धडा आहे. आल्फोन्स दोदे यांची १८७३ सालची ती कथा. युद्धात फ्रान्स हरतो, अल्सासमध्ये यापुढे जर्मनच शिकवायची असा बर्लिनहून हुकूम येतो आणि हामेल मास्तर फ्रेंचचा शेवटचा धडा घेतात. भावजय म्हणाली, "गोष्ट आम्हालाही ठाऊक आहे. पण त्या वर्गातली बहुतेक मुलं घरी बोलत असणार अल्साशियन. ती जर्मन कुळातली बोली. गोष्टीत ती येतच नाही." तिची आजी शाळेत होती तेव्हा, १९४० मध्ये नाझींनी अल्सास घेतलं. फ्रेंच गेली, जर्मन आली. १९४५ मध्ये जर्मन गेली, पुन्हा फ्रेंच आली. घरची बोली दोन्ही वेळा शाळेबाहेरच. युद्धानंतर तर ती बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई.

मग ती सहज बोलून गेली, "आजी बोलायची. आईला समजायचं. मला फक्त पदार्थांची नावं येतात."

मी पुढचा घास घेतलाच नाही. मी कॉलेजात मराठी शिकवते. आपण सीमाभागातली माणसं भाषेबद्दल किती तावातावाने बोलतो! पण माझी मुलगी इंग्रजी शाळेत गेली, तो निर्णय माझाच. ती मराठी छान बोलते. आजीने वाचायला दिलेलं पुस्तक मात्र दोन पानांनंतर मिटून ठेवते. अल्सासमध्ये निदान हुकूम तरी निघाले होते. माझ्या घरात कोणी हुकूम काढला होता?

रात्री आईने आपली पाककृतींची जुनी वही काढली. तिचे हात आता थरथरतात, म्हणून नातीला म्हणाली, "तू लिही." मुलीने इंग्रजीत लिहू का विचारलं. आई म्हणाली, "मग मी वाचू कशी?"

मुलीला ती एक पानाची कृती लिहायला पाऊण तास लागला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी मोजल्या नाहीत. वर नाव काय घालायचं, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी तिने तिन्ही लिहिली: तार्त फ्लांबे, फ्लामेक्यूशे आणि कंसात, आजीची कांद्याची पोळी.

भाऊ-भावजय परत गेली. वही सध्या मुलीच्याच टेबलावर आहे. दर रविवारी आजी एक पदार्थ सांगते, नात लिहिते. परवा तिने विचारलं, "आई, 'परतणं' आणि 'भाजणं' यात फरक काय गं?" चहा बाजूला ठेवून मी तिच्याशेजारी बसले.