चटई कोरैची, नाव गवताचे

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये चटईवाल्याकडे 'कोरै पाय' मागितली, की तो नेमकी चटई काढून देतो. 'पाय' म्हणजे चटई आणि 'कोरै' ही तिची वनस्पती. इंग्रजीत मात्र हीच चटई कधी 'ग्रास मॅट', तर कधी 'रीड मॅट' होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही नावे चुकीची आहेत. कोरै ही सायपरस प्रजातीतली, म्हणजे आपल्या लव्हाळ्याची भाऊबंद. इंग्रजीत या कुळाला 'सेज' म्हणतात.

फरक बोटांना कळतो. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवला, की बहुधा तीन कडा लागतात. आत भेंड भरलेले असते आणि पाने तीन रांगांत फुटतात. 'रीड' हे खरे गवत. त्याचा दांडा गोल, पोकळ आणि पेरापेरांचा. आपला नळ याच गटातला. 'रश' थंड प्रदेशात जास्त आढळते. त्याचा दांडाही गोल, पण त्याला गवतासारखी ठळक पेरे नसतात.

चटईची गुणवत्ता याच रचनेतून येते. कोरैचा दांडा बुडापासून फुलोऱ्यापर्यंत बिनपेरांचा असतो. त्यामुळे तो उभा चिरून लांब, सलग काडी मिळते. आतल्या भेंडातल्या हवेच्या पोकळ्या चिखलातल्या मुळांना प्राणवायू पुरवतात. त्यांच्यामुळेच वाळलेली काडी हलकी राहते. तमिळनाडूतल्या पत्तमडै गावच्या तलम चटया याच काड्यांच्या.

सर्वाधिक घोळ 'बुलरश' या नावाचा. ब्रिटनमध्ये ते एका उंच सेजलाही लावतात आणि पाणकणसालाही. अमेरिकेत पाणकणसाला 'कॅटटेल' म्हणतात. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये तान्ह्या मोझेसची टोपली 'बुलरश'ची आहे. अभ्यासकांच्या मते ती पपायरसची, म्हणजे पुन्हा सेजचीच. पाणकणसाची ओळख सोपी: वर नरफुले, खाली मखमली तपकिरी मादी कणीस. भारतातल्या नेहमीच्या जातीत या दोहोंमध्ये दांड्याचा उघडा तुकडा दिसतो.

ही ओळख पाणथळ जागा राखण्यासाठीही लागते. सांडपाण्याने पोषकद्रव्ये वाढली, की पाणकणीस फोफावते आणि इतर वनस्पतींची जागा बळकावते. चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै दलदलीला 2022मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर दर्जा मिळाला. अशा ठिकाणी 'गवत वाढले' एवढी नोंद निरुपयोगी आहे. काय वाढले आणि काय हटले, हे नावानिशी लिहायला हवे. आपल्या गावच्या तळ्याकाठीही ही नोंद करता येईल. सुरुवात दांडा चिमटीत धरून करावी.