चरित्रात आरती नको, शिवीही नको

आमच्या मराठवाड्यात पुढाऱ्यावर लिहायचे म्हणजे एकतर आरती ओवाळायची, नाहीतर शिव्या घालायच्या. विकिपीडिया हा ज्ञानकोश तर कोणालाही लिहायला, खोडायला खुला. शाळकरी पोरे तेथले तेच खरे मानतात. म्हणून आम्ही वकील या नात्याने सांगतो, आरोप वेगळा आणि निकाल वेगळा.

नांदेडचे अशोक चव्हाण घ्या. ‘आदर्श’ प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. २०१६ साली राज्यपालांनी खटल्याला दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. पहिली गोष्ट गाळतो तो भाट, दुसरी गाळतो तो सूड उगवणारा.

लातूरचे विलासराव देशमुख सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत चढले, हे लिहावेच. सावकाराविरुद्धच्या तक्रारीत त्यांनी केलेल्या हस्तक्षेपावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ताशेरे ओढले, हेही लिहावे. १० लाखांचा दंड मात्र राज्य सरकारला झाला होता, हे विसरू नये.

राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तेव्हा तरुणांनो, आपल्या नेत्यांनाही हीच कसोटी लावा. तारीख लिहा, निकाल लिहा, पुरावा जोडा. विशेषणे सभेसाठी ठेवा.