महाग मदरबोर्ड घेण्यापूर्वी काय जुळवून पाहावे?

फोटो स्टुडिओ, छपाई, लग्नाचे अल्बम, भरतकामाचे डिझाइन ही कामे आता संगणकावर होतात. काम जड असल्याने बरेच व्यावसायिक तयार संगणक न घेता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जोडून घेतात. यात सर्वांत जास्त घोळ होतो तो मदरबोर्डपाशी. बोर्ड महागाचा घेतला म्हणजे त्यावर सर्व काही चालेल, हा समज चुकीचा आहे. भाग जुळले नाहीत तर भांडवल अडकते आणि ऐन सीझनमध्ये काम बंद पडते. म्हणून पुढील गोष्टी पाहूनच खरेदी करावी.

१) सॉकेट : आधी प्रोसेसर ठरवावा, मग बोर्ड. एएमडीचे रायझन ७००० (२०२२) व ९००० (२०२४) या मालिकांचे डेस्कटॉप प्रोसेसर एएम५ सॉकेटवर बसतात. इंटेलच्या १२, १३ व १४ व्या पिढीच्या कोर प्रोसेसरना एलजीए १७०० सॉकेट लागते, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोर अल्ट्रा २०० एस मालिकेला एलजीए १८५१. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

२) बायोस : सॉकेट जुळले तरी काम संपत नाही. २०२२ मध्ये बनलेल्या एएम५ बोर्डावर रायझन ९००० बसतो. पण बायोस जुना असेल तर संगणक सुरूच होत नाही. दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घ्यावा किंवा ‘बायोस फ्लॅशबॅक’ची सोय असलेला बोर्ड घ्यावा. त्यात प्रोसेसर न चालवता पेन ड्राइव्हवरून हे काम होते. इंटेलच्या १३ व १४ व्या पिढीतील काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. त्यावरचा उपाय नव्या बायोसमध्ये आहे. तो आधीच घालावा, कारण झालेले नुकसान त्याने भरून निघत नाही.

३) मेमरी : डीडीआर ४ व डीडीआर ५ यांची खाच वेगळ्या जागी असते. एएम५ व एलजीए १८५१ यांना डीडीआर ५ च लागते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून खोक्यावरचा प्रकार वाचावा. ६४ जीबी हवी असल्यास १६ च्या चार पट्ट्यांपेक्षा ३२ च्या दोन घ्याव्यात. रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५२०० चा, तर चार पट्ट्यांना ३६०० चाच वेग सांगितला आहे.

४) चिपसेट व स्लॉट : झेड ७९० सारख्या बोर्डाची एक मोठी किंमत प्रोसेसरचा वेग वाढवण्याच्या सोयीसाठी असते. प्रोसेसर त्या प्रकारचा, म्हणजे नावात ‘के’ असलेला नसेल, तर तो पैसा वाया जातो. काही बोर्डांवर एम.२ डिस्कची विशिष्ट जागा भरली की ग्राफिक्स कार्डच्या १६ लेन ८ वर येतात किंवा साटाची काही पोर्ट बंद होतात. पुस्तिकेत याचा तक्ता असतो, तो पाहावा. जुन्या मशीनचे पीसीआय कार्ड वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. नव्या उच्च श्रेणीच्या बोर्डांवर तो जुना स्लॉट सहसा नसतो.

५) कॅबिनेट व पॉवर सप्लाय : एटीएक्स बोर्ड ३०.५ बाय २४.४ सें.मी.चा असतो, मायक्रो एटीएक्स दोन्ही बाजूंनी २४.४ चा. ई-एटीएक्स त्याहून रुंद असल्याने साध्या कॅबिनेटमध्ये मावेलच असे नाही. उच्च श्रेणीच्या बोर्डावर प्रोसेसरच्या विजेसाठी बहुधा आठ पिनांची दोन कनेक्टर असतात. पॉवर सप्लायला तेवढ्या केबल आहेत का, हे तपासावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. या सर्व सॉकेटमधील पिना बोर्डावर असतात व अतिशय नाजूक असतात. वाकलेल्या पिनांची भरपाई वॉरंटीत सहसा मिळत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच झाकण उघडून सॉकेट पाहावे. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्यांनी बिलावर आपला नंबर टाकून घेतल्यास धंद्यासाठी घेतलेल्या मालावरील कराची वजावटही मिळू शकते. चार पैसे वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर घेतलेला बोर्ड बिघडला, तर दाद कोठे मागणार?