एकक आधी की दशक? संगणक बदलताना डिस्कचे काय होते

२५ लिहिताना आपण दशकस्थानचा २ आधी लिहितो. बोलताना मात्र 'पंचवीस', म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. म्हणूनच 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. संगणकांतही असाच घोटाळा होतो.

समजा, अमरावतीच्या एका महाविद्यालयात अनेक वर्षांच्या नोंदी चार हार्ड डिस्कवर 'रेड-५' पद्धतीने ठेवल्या आहेत. यातली एक डिस्क बिघडली तरी उरलेल्या तिन्हींवरून तिच्यावरची माहिती पुन्हा मिळते. डिस्कची ही जुळणी खास कार्डाऐवजी संगणकाची कार्यप्रणालीच सांभाळत असेल, तर तिला सॉफ्टवेअर रेड म्हणतात. जुळणीचा तपशील डिस्कवरच लिहिलेला असतो. त्यामुळे संगणक बंद पडला, तर डिस्क काढून अकोल्याच्या दुसऱ्या संगणकाला जोडता येतात. पण तिथला प्रोसेसर वेगळ्या घराण्याचा असेल तर?

मोठी संख्या संगणक चार बाइटांत ठेवतो. ४ ही संख्या काही प्रोसेसर ०, ०, ०, ४ अशी ठेवतात, तर काही ४, ०, ०, ० अशी. १९८० मध्ये डॅनी कोहेन यांनी या दोन रीतींना 'बिग-एंडियन' व 'लिटल-एंडियन' ही नावे दिली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे हे पक्ष 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधले. पुण्याच्या सी-डॅकने 'परम १००००' (१९९८) साठी वापरलेले स्पार्क प्रोसेसर पहिल्या रीतीचे होते, तर 'परम युवा' (२००८) मधले इंटेलचे दुसऱ्या रीतीचे.

एका रीतीने लिहिलेली ४ ही संख्या दुसऱ्या रीतीने वाचली, तर ती ६,७१,०८,८६४ होते! लिनक्समधील रेडच्या जुन्या, ०.९० या आराखड्यात तपशील त्या त्या प्रोसेसरच्या रीतीने लिहिला जाई. रीत बदलली की जुळणीची ओळखखूणच उलटी वाचली जाते आणि नवा संगणक म्हणतो, 'इथे रेड नाही.'

खरा धोका इथेच असतो. नोंदी जागच्या जागी असतात. पण घाईने कुणी त्याच डिस्कवर नवी जुळणी तयार केली, तर त्या पुसल्या जाऊ शकतात. आधी डिस्कच्या प्रती काढाव्यात. मग 'एमडीएडीएम' या साधनाला जुळणी जोडताना 'बाइटऑर्डर' अद्ययावत करायला सांगितले की ते तपशिलातील बाइटांचा क्रम फिरवून घेते.

नोंदींचे बाइट मात्र फिरवावे लागत नाहीत. रेड-५ मधील पडताळा बाइटागणिक काढलेला असतो, त्यामुळे क्रमाचा प्रश्न तिथे येत नाही. रेडच्या १.० पासून पुढच्या आराखड्यांत तर प्रोसेसर कोणताही असो, तपशील लहान भाग आधी याच रीतीने लिहितात. मग अमरावती काय नि अकोला काय, वाचन सारखेच. प्रोसेसर वेगळा असणे ही अडचण नव्हतीच. लिहिण्याची रीत ठरलेली नसणे ही अडचण होती.

वर्गात करून पाहा : चार मुलांच्या हाती ०, ०, ३, २ या अंकांच्या पाट्या द्या. एका गटाला डावीकडून व दुसऱ्याला उजवीकडून संख्या वाचायला सांगा. एक गट म्हणेल बत्तीस, दुसरा दोन हजार तीनशे. मग विचारा : चूक कोणाची? पाट्या तर हललेल्याच नाहीत!