पतंगाच्या ओढीने समुद्रावर

पतंग आणि मराठी माणूस यांचा परिचय जुना आहे. बडोद्यास उत्तरायणाच्या दिवशी, तसेच इंदूर व हैदराबाद येथे संक्रांतीच्या सुमारास, घरोघरच्या गच्च्या माणसांनी फुलून जातात. केव्हा ढील द्यावी आणि केव्हा खेच घ्यावी, हे तेथील मुलांना कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. बोटे कापून घेता घेता ती ते शिकतात. परंतु हाच पतंग बारा चौरस मीटरांचा झाला, त्याची ओढ माणसाने कमरेवर घेतली आणि पायांखाली फळी धरून तो समुद्रात उतरला, म्हणजे खेळाचे स्वरूप पार बदलते. गच्चीवर माणूस पतंगाला ओढतो. येथे पतंग माणसाला ओढून नेतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे, हरमल या किनाऱ्यांवर तो शिकविला जातो, आणि सुट्टीसाठी तेथे गेलेल्या अनेकांच्या मनात पाण्यावरून सरसर जाणारे ते स्वार पाहून आपणही हे शिकावे अशी हौस उत्पन्न होते. ही हौस पुरी करावयाची तर शिकाऊ माणसाला प्रथम काय शिकावे लागते, आणि त्यासाठी स्वतंत्र शिक्षक का करावा, याचा विचार आधीच केलेला बरा.

वाऱ्याच्या बळावर पतंगाकडून ओझे ओढवून घेण्याची कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट 1826 साली घेतले होते. सॅम्युअल कोडी यांनी 1903 साली पतंगाने ओढलेल्या लहान नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. मात्र अडचण अशी होती, की पतंग एकदा पाण्यात पडला म्हणजे भिजून निकामी होई. फ्रान्समधील ब्रूनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी ती दूर केली. पतंगाची पुढची कड आणि त्याच्या फासळ्या हवेने फुगविलेल्या नळ्यांच्या करावयाच्या, म्हणजे तो पाण्यावर तरंगेल आणि तेथूनच पुन्हा वर चढविता येईल, अशी त्यांची युक्ती होती. तिचे पेटंट त्यांनी 1984 साली घेतले. पुढे 1990 नंतरच्या दशकात हा खेळ जगभर पसरू लागला, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर त्याची पहिली ऑलिंपिक शर्यत झाली.

या साधनाची रचना समजली, की त्यातील धोकाही समजतो. पतंगापासून निघालेल्या वीस ते चोवीस मीटर लांबीच्या चार किंवा पाच दोऱ्या एका आडव्या दांडीपाशी येऊन मिळतात. दांडीच्या मध्यातून निघालेला फास स्वाराच्या रुंद कमरपट्ट्याच्या आकड्यात अडकविलेला असतो. त्यामुळे ओढीचा भार हातांवर न येता कमरेवर येतो. दांडी डावीउजवीकडे झुकविली की पतंग त्या त्या दिशेला वळतो. दांडी अंगाकडे ओढली की पतंग वाऱ्यासमोर अधिक आडवा होऊन जोर धरतो, आणि दांडी दूर जाऊ दिली की त्याचा जोर ओसरतो.

नवशिक्याची खरी परीक्षा येथेच होते. तोल जाऊ लागला की हाती असेल ते घट्ट पकडावे, ही मनुष्याची उपजत प्रवृत्ती आहे. जिन्यावर ती त्याला वाचविते. पतंगाखाली ती त्याचा घात करते. पतंगाने हिसका दिला की घाबरलेला शिकाऊ दांडी छातीशी कवटाळतो, त्यामुळे पतंगाचा जोर वाढतो, त्या जोराने तो अधिकच घाबरतो आणि दांडी अधिकच आवळतो. हे चक्र तोडण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे दांडी सोडून देणे. हे वाक्य ऐकून समजावयास क्षणही लागत नाही. परंतु ते हातांना समजावयास तास लागतात. शिकवणीच्या पहिल्या दिवसाचा बराचसा भाग या एकाच गोष्टीसाठी खर्ची पडतो, आणि तो व्यर्थ जातो असे मुळीच नाही.

सोडण्याच्याही तीन पायऱ्या आहेत. पहिली, दांडी हातातून सोडणे. पतंगाची बहुतेक ताकद तेवढ्याने जाते. तेवढ्याने भागले नाही तर दुसरी पायरी म्हणजे कमरेपाशी असलेली तातडीची कळ ओढणे किंवा ढकलणे. तिने मुख्य फास सुटतो आणि पतंग एकाच दोरीवर फडफडत लोळू लागतो. तिसरी पायरी शेवटची. उरलेली दोरीही सोडून पतंगाचा मोह पूर्णपणे टाकावयाचा. दांडी सोडताच पतंगाचा जोर जवळजवळ नाहीसा व्हावा अशी रचना 2005 च्या सुमारास प्रचारात आली आणि खेळ पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला. तथापि यंत्रातील सोय हातांना ठाऊक नसेल तर ती नसल्यासारखीच. म्हणून चांगला शिक्षक या तिन्ही कळा किनाऱ्यावर, डोळे मिटून, पुन्हापुन्हा उघडावयास लावतो.

वाऱ्याच्या बळाविषयी एक हिशेब प्रत्येक शिकाऊने मनात पक्का ठेवावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरचा वारा 30 किलोमीटरचा झाला, तर कानाला फारसा फरक जाणवणार नाही. पण पतंगाची ओढ सव्वादोन पट झालेली असेल. यामुळेच वारा वाढला की लहान पतंग घ्यावा लागतो. सुमारे 75 किलो वजनाच्या माणसाला ताशी 28 ते 33 किलोमीटरच्या वाऱ्यात 12 चौरस मीटरचा पतंग साधारणपणे पुरतो. शिकाऊला मात्र त्याहून थोडा लहान देणे शहाणपणाचे.

गोव्याच्या किनाऱ्यावरील वाऱ्याचेही एक वेळापत्रक आहे. शालेय भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरचा खारा वारा आत येतो. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, दुपार कलू लागली की हा वारा वायव्येकडून चांगला जोर धरतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास मंदावतो. रात्री व पहाटे उलट प्रकार होऊन जमिनीवरचा मतलई वारा समुद्राकडे वाहतो. पेडण्याचा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे वायव्येचा वारा समुद्राकडे तोंड केलेल्या माणसाला उजव्या अंगाने, तिरपा, किनाऱ्याकडे येणारा असा मिळतो. शिकण्यास हाच योग्य. कारण चूक झाली तरी तो माणसाला वाळूकडे आणून सोडतो. मतलई वाऱ्यात झालेली तीच चूक त्याला खोल समुद्राकडे नेईल. म्हणून सकाळच्या जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात, मग तो कितीही सौम्य वाटो, नवशिक्याने पतंग घेऊन पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर खवळलेल्या समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये.

प्रत्यक्ष शिकवणीला वाळूवर आरंभ होतो. वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसासमोर आकाशाचा जो पाव गोल असतो, त्याला वाऱ्याचे गवाक्ष म्हणता येईल. शिक्षक त्यावर घड्याळ कल्पावयास सांगतो. डोक्यावर बारा, डाव्या हाताला जमिनीलगत नऊ, उजव्या हाताला तीन. कडेकडेने पतंग फिरला तर ओढ सौम्य असते. बाराच्या ठिकाणी तो जवळजवळ विसावतो. पण समोर मध्यभागी खाली आला की तेथे त्याची ओढ सर्वांत प्रखर. प्रथम एकदोन चौरस मीटरच्या लहान पतंगावर हे घड्याळ हातांच्या सवयीचे होते, आणि मगच मोठा पतंग मिळतो.

दुसरा टप्पा पाण्यातला, परंतु फळीवाचून. कमरेइतक्या पाण्यात पालथे होऊन पतंगाला आपला देह ओढू द्यावयाचा. प्रथम वाऱ्याबरोबर, आणि नंतर एक हात सुकाणूसारखा पुढे ताणून वाऱ्याला तिरपे. पुष्कळांना हा सराव कंटाळवाणा वाटतो. पण फळी पायांतून सुटली की ती वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहते आणि पतंग स्वाराला खालच्या बाजूला ओढून नेतो. अशा वेळी फळीकडे परत जाण्याचा मार्ग हाच. पडलेला पतंग पाण्यातून उठविणे, आणि उठेनासा झाला तर दोऱ्या गुंडाळीत त्याच्यापर्यंत पोहोचून त्याच फुगीर पतंगाचा तराफा करून किनाऱ्याला लागणे, हेही याच टप्प्यात शिकावयाचे असते. गुंडाळताना दोरी हाताला वेढून घ्यावयाची नाही; मांजाने ज्यांची बोटे कापली आहेत त्यांना याचे कारण सांगावयास नको.

फळी येते ती यानंतर. पाण्यात उताणे होऊन फळी पायांत अडकवावयाची, पतंग बारावर स्थिर करावयाचा, आणि मग त्याला दहाच्या किंवा दोनच्या दिशेने एकदा झेप घ्यावयास लावावयाची. तो ओढू लागला की उठावयाचे. आपण होऊन उठण्याची धडपड करावयाची नाही. पहिल्या प्रयत्नांत बहुतेक जण तोंडावर आपटतात. साधारणपणे आठ ते बारा तासांच्या शिकवणीत पहिली काही मीटरांची धाव साधते. तीही वाऱ्याबरोबर वाहत, म्हणजे मोरजीस दक्षिणेकडे, शापोरा नदीच्या मुखाच्या रोखाने. तेथे ओहोटीचा प्रवाह समुद्राकडे ओढतो, म्हणून त्या बाजूला किती जावयाचे याची मर्यादा आधीच ठरवावी लागते. वाऱ्याला तिरपे जाऊन निघालेल्या जागी परत येता आले, म्हणजेच शिष्य स्वतंत्र झाला असे समजावे. तोवर फळी काखेत मारून वाळूतून परतीची पायपीट अटळ.

आता प्रश्न राहतो तो स्वतंत्र शिकवणीचा. तिघाचौघांच्या वर्गात पतंग एकच असला तर प्रत्येकाच्या वाट्याला घटकाभर उडविणे आणि बराच वेळ पाहणे येते. पाहणेही शिकणेच आहे, आणि सारख्या वजनाचे दोन मित्र एकत्र शिकले तर ते फारसे बिघडत नाही. परंतु वर सांगितलेला घट्ट पकडण्याचा स्वभाव क्षणार्धात उसळी घेतो, आणि त्या क्षणी शिक्षकाची नजर दुसऱ्यावर असून चालत नाही. एका शिक्षकाजवळ एकच शिष्य असण्याचा खरा लाभ हा आहे. काही ठिकाणी शिष्याच्या हेल्मेटमध्ये लहानसा रेडिओ बसवितात. शंभर मीटर दूर असलेल्या शिष्याच्या कानात ‘दांडी सोडा’ हे शब्द वेळेवर पडतात.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. शिक्षकाजवळ मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आहे काय? वारा पडला तर न झालेले तास पुढे मिळतात काय? सुटकेसाठी होडी सज्ज असते काय? हेल्मेट व तरंगते जाकीट शुल्कात येते काय? शिष्यानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा, की आपल्याला उघड्या समुद्रात निर्धास्तपणे पोहता येते काय? उत्तर नकारार्थी असेल तर आधी पोहणे शिकावे. पहिल्याच दिवशी फळीवर उभे करण्याचे वचन देणाऱ्यापेक्षा, वारा पाहून ‘आज नको’ म्हणणारा शिक्षक अधिक भरवशाचा.

किनारा एकट्या खेळाडूंचा नाही, हेही या शिक्षणाचे अंग आहे. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात, आणि त्यांची घरटी वनखाते कुंपण घालून राखते. तेथे दोऱ्या पसरावयाच्या नाहीत. रापण ओढणाऱ्यांची जाळी, पोहणारी मुले, माडांच्या रांगा, नांगरलेल्या होड्या या सर्वांपासून दूर राहावयाचे. पतंग चढविताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला निदान दोऱ्यांच्या दुप्पट लांबीची जागा मोकळी हवी. कारण या खेळातले गंभीर अपघात पाण्यापेक्षा किनाऱ्याजवळ, एखाद्या कठीण वस्तूवर आपटून अधिक होतात. माडांच्या आडोशाला वारा सरळ वाहत नाही. तो गिरक्या घेतो, पडतो आणि अचानक उसळतो. हे समजून घ्यावयाचे तर गावातल्या जुन्या रापणकाराला विचारावे. त्याने पतंग कधी हाती धरला नसेल. पण त्या किनाऱ्यावरचा वारा त्याने जन्मभर पाहिलेला असतो.

शिकवणी संपवून परतणाऱ्या माणसाला कदाचित पन्नास मीटरसुद्धा नीट जाता येत नसेल. त्याने निराश होण्याचे कारण नाही. दुपारी किनाऱ्यावर उभे राहून वारा कोठून येतो, किती येतो, आपण चुकलो तर तो आपल्याला कोठे नेईल हे त्याला सांगता आले, आणि हिसका बसताच त्याचे हात आपोआप दांडीवरून सुटले, तर त्याने दिलेल्या शुल्काचा पुरता मोबदला त्याला मिळाला. पुढची धाव सरावाने येते. हे दोन गुण अंगी नसताना आलेली धाव मात्र फार काळ टिकत नाही, आणि कधीकधी तिची किंमत मोठी पडते.