रिकामी उडते, भरली की बसते

हिवरे बाजारहून नगरच्या बाजाराला कांदा टाकून परत येणारी पिकअप ओळखायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. फाळका खडखडतो, साखळ्या वाजतात, गतिरोधकावर मागची चाकं टणकन उडतात आणि केबिनमधल्या माणसाचं डोकं छताचा अंदाज घेऊन येतं. सकाळी तीस गोण्या हौद्यात होत्या तेव्हा हीच गाडी, याच रस्त्यावरून, एखाद्या मोटारीसारखी शांत गेली होती. दीड टन ओझं उतरलं की गाडी सुखावली पाहिजे; ती उलट बिथरते. ड्रायव्हर मंडळींना याचं काहीच वाटत नाही. ‘रिकामी उडते, भरली की बसते,’ एवढं सांगून ते चहाकडे वळतात.

या पाच शब्दांत भौतिकशास्त्राचा एक देखणा नियम आहे. पिकअपच्या मागच्या आसाला पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले, कमानीसारखे वाकवलेले. वजन आलं की ते खाली दबतात. गाडीच्या वजनाखाली पाटा किती सेंटिमीटर दबला एवढं कळलं, तर खड्ड्यातून गेल्यावर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल हे जवळजवळ अचूक सांगता येतं. इंजिन कुठलं, रंग कुठला, कंपनी कुठली, काही विचारावं लागत नाही. पाटा 10 सेंटिमीटर दबला असेल तर सेकंदाला साधारण दीड हेलकावा. हा आपल्या चालण्याच्या जवळपासचा ताल, शरीराला ओळखीचा. तीनच सेंटिमीटर दबला असेल तर सेकंदाला जवळपास तीन. बसलेल्या माणसाचा कणा आणि पोट सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांना सगळ्यात जास्त वैतागतात. रिकामी पिकअप त्या पट्ट्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन पोचते.

आता पाटा बनवणाऱ्याची अडचण बघा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या आसावरचं वजन रिकामीपेक्षा सहज तिप्पट असतं. पाटा मऊ ठेवला तर कांदा भरल्यावर हौदा चाकाला टेकेल. कडक केला तर रिकामी गाडी हाडं मोजेल. यावरची तोड वाकून बघितली तर दिसते. मुख्य पाट्यांच्या जोडीला एक-दोन जाड पाटे असतात, जे गाडी रिकामी असताना नुसते बघत राहतात. ओझं वाढून वरचे पाटे दबले की मगच हे कामाला लागतात. कुठलंही बटण नाही, वायर नाही. आपल्यावर किती माल आहे हे लोखंडाला आपोआप कळतं. लाखो रुपयांच्या मोटारींत संगणकाने नियंत्रित होणारी सस्पेन्शन असते, तिचं कौतुक जरूर करावं, पण मला या पाट्यांचं जास्त अप्रूप वाटतं.

पिकअपच्या रूपाविषयी, आकाराविषयी, चालीविषयी पारावर जी मतं ऐकू येतात ती वरवर आवडीनिवडीची वाटतात. खरवडून पाहिलं की बहुतेक मतांखाली कसलं तरी वजन निघतं. आणि हिवरे बाजारात ते वजन कुठून आलं याचा माग थेट पावसापर्यंत काढता येतो.

नगरच्या पश्चिमेला साधारण 17 किलोमीटरवरचं हे गाव वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यातलं. 1972 च्या दुष्काळानंतर माणसं गाव सोडून जात होती. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काळात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, बांधबंदिस्ती हे सगळं उभं राहिलं. तो इतिहास आता महाराष्ट्राला पाठ आहे. 2020 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. इथे महत्त्वाचं एवढंच, की गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, शेतीसाठी बोअरवेल घेऊ देत नाही, आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं लावत नाही.

याचा पिकअपशी काय संबंध? एकरभर ऊस म्हणजे तीस-चाळीस टन माल, एका हंगामात, एकाच कारखान्याकडे. त्याला ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या लागतात, ट्रक लागतात. दीड टनाच्या पिकअपने ऊस न्यायचा म्हटलं तर एका एकराला वीस-पंचवीस खेपा होतील आणि भाड्यातच ऊस संपेल. कांदा चांगला आला तर एकरी दहा टनांच्या आसपास, तोही भाव बघत बघत, थोडा थोडा चाळीतून काढून न्यायचा. भाजीपाला रोजचा. दूध तर दिवसातून दोनदा. या गावचं दुधाचं संकलन दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास होतं, ते चार हजार लिटरपर्यंत गेलं. थोडा माल, पण नेहमी, आणि वेळेवर: हे पिकअपचं काम. माझा तर्क असा, की उसाला नाही म्हणणाऱ्या ग्रामसभेने नकळत गावच्या वाहनाचं मापही ठरवून टाकलं.

मापाचीच गोष्ट निघाली आहे तर हौद्याकडे येऊ. नऊ फुटी हौदा घ्यावा की दहा फुटी, यावर तासभर वाद घालणारी माणसं मी ऐकली आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये महिंद्राने बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका आणली, तिच्यात सगळ्यात मोठी गाडी दोन टन पासिंगची, म्हणजे तेवढा माल न्यायची मुभा असलेली, दहा फुटी हौद्याची. एका फुटाने एवढं काय होतं? भाजीचा प्लॅस्टिकचा कॅरेट घ्या, साधारण 54 सेंटिमीटर लांब, 36 रुंद. हौद्याची रुंदी 1.7 मीटर धरली तर आडवे तीन बसतात. नऊ फुटांत अशा सात रांगा, दहा फुटांत आठ. चार थर रचले तर पहिल्या गाडीत 84 कॅरेट, दुसरीत 96. टोमॅटोचा कॅरेट वीस किलोचा धरून गुणाकार करा: 1,680 किलो आणि 1,920 किलो. एका गाडीचं पासिंग 1.7 टन, दुसरीचं दोन टन! कंपनीच्या इंजिनियरांनी कॅरेट समोर ठेवूनच मापं काढली असं मी म्हणणार नाही, पण पारावरचा वाद वाटतो तितका पोकळ नाही.

त्या जास्तीच्या फुटाची किंमत मात्र स्टिअरिंगवर मोजावी लागते. हौदा मागच्या आसाच्या जितका पलीकडे जाईल, तितकं शेपटाकडचं वजन गाडीचं नाक वर उचलतं. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की त्यांची रस्त्यावरची पकडही कमी होते, आणि गाडी ‘पुढून हलकी’ लागते. ब्रेकही मग नीट धरत नाहीत. जाणता ड्रायव्हर म्हणून हमालाच्या डोक्यावर उभा राहतो: जड गोण्या केबिनला लावून, हलका माल फाळक्याकडे. पासिंग दीड टनाचं असताना तीन टन भरणारे महाभागही आहेत, आणि ‘मॉडेलच चुकलं’ हे मत बहुधा त्यांचंच असतं.

अमेरिकेत याच वाहनाने वेगळंच वळण घेतलं. तिथे 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकवर 25 टक्के आयातकर आहे, आणि तो बसला युरोपशी झालेल्या कोंबडीच्या भांडणातून: युरोपने अमेरिकी कोंबडीवर कर वाढवला म्हणून अमेरिकेने ट्रकवर लावला. त्या आडोशाला तिथली पिकअप निवांत वाढली. फोर्डची एफ-150 चार दरवाजांच्या रूपात सहा मीटरला टेकते, तीनशेहून अधिक अश्वशक्तीची असते, आणि तिचा हौदा अनेकदा साडेपाच फुटांचा. आपली बोलेरो पिकअप सत्तर-ऐंशी अश्वशक्तीत नऊ फुटी हौदा ओढते. तिकडे नाकाची उंचीही चढत गेली. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने 2023 मध्ये दाखवलं, की 40 इंचांहून उंच बोनेटच्या गाडीची धडक, बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा, पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे 45 टक्के जास्त असते. रुबाबाला असं मोल पडतं.

रुबाब आपल्याकडे नाही असं नाही. बोनेट असलेली पिकअप आणि चपट्या तोंडाची गाडी यांत गावाकडचं मन बोनेटकडे झुकतं, जीपचा वारसा त्यात दिसतो म्हणून. पण यालाही एक दणकट कारण आहे. चपट्या तोंडाच्या गाडीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवरच बसतो, त्यामुळे प्रत्येक खड्डा आधी त्याला भेटतो. बोनेटवाल्या गाडीत तो चाकांच्या मागे, दोन आसांच्या मधोमध सरकतो, जिथे गाडी सगळ्यात कमी डुलते. नाकाचा फायदा पाठीला होतो म्हणा ना.

2005 च्या मे महिन्यात टाटांची एस आली, लोकांनी जिला छोटा हाथी करून टाकलं, तेव्हा हा रुबाबाचा प्रश्न तिच्या आराखड्यातच होता. गिरीश वाघ यांच्या पथकाने गावोगावी तीनचाकी मालवाहू रिक्षावाल्यांना गाठलं. एकाने सांगितलं, चारचाकी असली तर लग्नाच्या बाजारात भाव वाढेल. पण रिक्षावाल्याला परवडेल अशा चारचाकीसाठी पथकाने स्वस्त इंजिन कुठून आणलं? त्याच घरच्या इंडिका मोटारीचं 1,405 घनसेंटिमीटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. त्याचं अर्धं केलं. दोन सिलिंडर, 702 घनसेंटिमीटर, 16 अश्वशक्ती, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. पाऊण टन पासिंगच्या या गाडीने तीन चाकांचा जमाना मागे टाकला. तीन चाकांचा तो जमानाही पुन्हा नगरशीच जोडलेला: 1958 साली बजाज टेम्पो उभी करून जर्मन घडणीची तीनचाकी रस्त्यावर आणणारे नवलमल फिरोदिया मूळचे इथलेच.

महिंद्राने 15 ऑगस्ट 2023 ला केपटाउनमध्ये ग्लोबल पिकअपचा नमुना दाखवला, रुंद छातीचा, जगाच्या बाजारासाठीचा. टोयोटाची हायलक्स 2022 पासून भारतात मिळते, 5.3 मीटर लांब, देखणी, आणि किमतीला तशीच. या गाड्या चांगल्याच आहेत. फक्त त्यांची सस्पेन्शन कांद्यापेक्षा प्रवाशाचा विचार करून बसवलेली आहे.

गावातल्या दूधवाल्याला मात्र पिकअपची चाल कशी आहे हे पाठीपेक्षा कॅन आधी सांगतो. चाळीस लिटरचा कॅन काठोकाठ भरला असेल तर दूध हलत नाही, जायला जागाच नसते. तोच अर्धा असेल आणि गाडी जवळजवळ रिकामी, म्हणजे उडणारी, तर तासाभराच्या हिंदकळण्यात दूध घुसळलं जातं आणि लोण्याचे कण झाकणाला चिकटतात. स्निग्धांशावर भाव ठरणाऱ्या धंद्यात तो थेट तोटा. म्हणून शहाणा माणूस दोन अर्धे कॅन नेत नाही. एक पूर्ण भरतो, आणि तो आसाच्या पुढे, केबिनला टेकवून बांधतो.