लंबक आणि हिशेबाचा क्रम

नवी पेठेतल्या एका दुकानात लंबकाचे घड्याळ पाहिले आणि त्याची चाल वहीत मांडण्याचा नाद लागला. घर्षण सोडून, लहान झोक्याच्या एका आंदोलनाचे ६३ समान टप्पे केले. ऑयलरच्या रीतीत जुन्या वेगाने नवी जागा आणि जुन्या जागेवरून नवा वेग काढतात. बेरजा बिनचूक, तरी एका आंदोलनात झोका सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो! ही ऊर्जा हिशेबानेच घातलेली. आता आधी वेग काढा, मग त्या नव्या वेगाने जागा. श्रम तेवढेच, पण झोका मर्यादेत राहतो.

वेग कोणत्या क्षणाचा घ्यावा, हा प्रश्न जुनाच. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) तात्कालिक गती घ्यायला सांगितली.